नाशिकमधील फ्लाय फिशिंग आणि नदीसंवर्धन गट : कामाचे स्वरूप, नियम आणि चर्चा

गोदातीर (धागाकर्ते) :

नमस्कार मंडळी.

हिमाचलमधील तीर्थन नदी आणि काश्मीरमधील ओढ्यांवर ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाची फ्लाय फिशिंग (हलक्या कृत्रिम किड्याने गळ टाकण्याची पद्धत) शिकून आलेले आम्ही काही नाशिककर आता गावातच नियमित भेटू लागलो आहोत. गटाची नोंदणी झालेली नाही, नावही ठरलेले नाही. पण कामाला एक वळण लागले आहे. ते सर्वांसमोर मांडावे, त्यावर प्रश्न यावेत आणि जमल्यास नवे सदस्यही मिळावेत, म्हणून हा धागा.

सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न असा, की नाशकात ट्राउट कुठे आहे? ती नाही, कधी नव्हती आणि आम्ही ती आणणारही नाही. किंबहुना भारतातच ती पाहुणी आहे. काश्मीरमध्ये १८९९ साली पाठवलेली ट्राउटच्या अंड्यांची पहिली खेप नासली आणि १९०० साली स्कॉटलंडहून आलेली खेप तगली. तेथून १९०९ च्या सुमारास ब्राउन ट्राउट कुलूच्या खोऱ्यात पोहोचली, आणि त्याच काळात निलगिरीत अ‍ॅव्हलांच येथे रेनबो ट्राउटची पैदास सुरू झाली. या सर्व ठिकाणी बारमाही थंड पाणी होते, ते आपल्याकडे नाही.

मग ट्राउट क्लबांकडून घ्यायचे काय? अमेरिकेत मिशिगन राज्यातील ऑ सेबल नदीच्या काठी १९५९ साली ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था स्थापन झाली, ती सरकारी हॅचरीतले (मत्स्यपैदास केंद्रातले) मासे नदीत ओतण्याच्या धोरणाला कंटाळलेल्या गळकऱ्यांनी. नदी नीट ठेवली तर मासे आपोआप नीट राहतील, ही त्यांची मूळ भूमिका होती. पुढे काठावर झाडे लावणे, ओढ्यांवरचे निरुपयोगी बांध हटवणे, पाण्याचे तापमान नोंदवणे, शाळकरी मुलांना नदीतले किडे दाखवणे ही कामे अशा क्लबांची ओळख बनली. यांपैकी एकाही कामासाठी पाण्यात ट्राउटच असली पाहिजे, अशी अट नाही.

आमच्या बैठकींचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिला मैदानावरचा. नेहमीच्या गळात आमिषाच्या किंवा शिशाच्या वजनामुळे दोरी पुढे जाते. फ्लायला, म्हणजे पिसे आणि दोरा बांधून केलेल्या कृत्रिम किड्याला, जवळजवळ वजनच नसते. म्हणून येथे दोरीचेच वजन फेकावे लागते. पाच नंबरच्या लाइनचे, म्हणजे या खास दोरीचे, पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरतात, आणि तेवढ्या वजनाने नऊ फुटी रॉड (गळाची काठी) वाकवून सोडायचा असतो. गंगापूर रोडवरच्या एका मैदानात आम्ही गळाऐवजी लोकरीचा लाल तुकडा बांधून सराव करतो. नवशिक्यांचे मनगट गरजेपेक्षा जास्त वाकते आणि मागे गेलेली लाइन पूर्ण उलगडण्याआधीच ते ती पुढे खेचतात, हे जवळजवळ ठरलेलेच आहे. फिरायला येणारे आजोबा थांबून “पतंग कुठे आहे?” असे विचारतात, तेही ठरलेलेच.

दुसरा प्रकार फ्लाय बांधण्याचा, आणि तिसरा, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, दगड उलटण्याचा. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून साधारण फेब्रुवारीपर्यंत, त्र्यंबकच्या बाजूचे ओढे आणि गंगापूर धरणाच्या वरची गोदावरी गुडघाभर, स्वच्छ वाहत असते. तेव्हा पाण्यात उभे राहून पुढे जाळी धरायची, पायाने तळ ढवळायचा आणि जाळीत आलेले पांढऱ्या ताटात ओतायचे. याशिवाय काही दगड हाताने उचलून त्यांची खालची बाजू पाहायची. तेथे बोटाच्या पेराहून लहान अशा नळ्या चिकटलेल्या दिसतात. वाळूचे कण एकमेकांना रेशमाने जोडून कॅडिस नावाच्या किड्याच्या अळीने बांधलेले ते घर असते. दगड क्षणभर हातात स्थिर धरला, तर नळीच्या तोंडातून काळसर डोके आणि पुढचे पाय बाहेर येतात. शेजारीच मेफ्लाय या किड्याची एखादी चपटी निम्फ (पाण्यात वाढणारी पिल्लावस्था) शेपटीचे तंतू पसरून दगडाला घट्ट बिलगून बसलेली असते आणि तिच्या पोटाच्या दोन्ही कडांवरचे पानांसारखे कल्ले सतत थरथरत असतात. पाहून झाले, की दगड होता त्याच जागी, होता त्याच बाजूने ठेवायचा. हा आमच्याकडील सर्वांत कडक नियम आहे.

या किड्यांची नोंद गंमत म्हणून होत नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशा जलकीटकांच्या कुळांना १ ते १० गुण देऊन नदीची प्रत ठरवण्याची पद्धत तयार झाली. प्रदूषण अजिबात न सोसणाऱ्या अनेक मेफ्लाय आणि कॅडिस कुळांना १०, चतुरांना ८, गाळात राहणाऱ्या लाल अळ्यांना २ आणि गांडूळवर्गीय कृमींना १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही जैविक निकषांसाठी याच पद्धतीचा आधार घेतला आहे. बाटलीत भरून नेलेले पाणी त्या क्षणापुरते सांगते. किडा त्या जागी कित्येक महिने राहिलेला असतो, त्यामुळे रात्री गुपचूप सोडलेले सांडपाणीही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

प्रत्यक्ष गळ टाकण्याचे नियमही सांगतो. गळ एकच आणि बिनकाट्याचा (टोकामागे उलटा दात नसलेला), नाहीतर पकडीने काटा दाबून सपाट केलेला. तीन तोंडांचे गळ पूर्ण वर्ज्य. जून ते सप्टेंबर गळ बंद, कारण आपल्या नद्यांतील बहुतेक माशांचा तो विणीचा आणि चढणीचा काळ आहे. उन्हाळ्यात ओढा तुटून डोह उरले, की पुन्हा बंद. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, २०२० मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणूनही जाहीर झाले. तेथे दुर्बीण न्यावी, रॉड नेऊ नये. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो, म्हणून त्यांच्या लेखी संमतीशिवाय तेथे उतरायचे नाही. चिलापी (तिलापिया, बाहेरून आलेला मासा) मिळाली, तर ती परत सोडायची नाही, घरी न्यायची.

आम्ही कोणत्याही पाण्यात कोणतेही मत्स्यबीज सोडत नाही. यावर मतभेद होणार याची कल्पना आहे.


निफाडकर :

धागा आवडला. एक शंका विचारतो. ती भाबडी वाटल्यास सांभाळून घ्यावे. आमच्या निफाडला थंडीत पारा ५ अंशांच्याही खाली उतरल्याच्या बातम्या दरवर्षी आपण वाचतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. असे असताना ट्राउट येथे जगणारच नाही, असे ठामपणे कसे म्हणता येईल? शिवाय धरणाच्या तळातून सुटणारे पाणी थंड असते आणि अमेरिकेत अशाच पाण्यावर ट्राउट पोसली जाते, असे वाचनात आले होते.


गोदातीर :

निफाडकर, शंका अगदी रास्त आहे आणि आमच्या पहिल्याच बैठकीत ती निघाली होती. माशाचे मरण हिवाळा ठरवत नाही, एप्रिल-मे ठरवतात. ब्राउन ट्राउटला साधारण १० ते १८ अंशांचे पाणी मानवते, २० च्या पुढे ती अस्वस्थ होते आणि २५ च्या आसपास तिचा जीव धोक्यात येतो. त्यातच पाणी तापले, की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम ७.६. म्हणजे माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते, नेमका त्याच वेळी पुरवठा आटतो. निफाडच्या पहाटेचा पारा हवेचा असतो आणि काही तासांचा असतो. वर्षभर थंड राहणारे पाणी त्यातून मिळत नाही.

धरणाचे म्हणाल, तर तुम्ही वाचलेले खरे आहे. अमेरिकेतील काही खोल धरणांच्या तळातून वर्षभर थंडगार पाणी येते आणि त्याखाली ट्राउटचे नावाजलेले नदीपट्टे तयार झाले आहेत. मात्र तेथील खोल जलाशयांच्या तळाशी हिवाळ्याचे पाणी साठून राहते. आपल्या उष्ण प्रदेशातील तुलनेने उथळ जलाशयाचा तळही ट्राउटला हवा तेवढा थंड राहत नाही. शिवाय आपल्याकडचे पाणी आवर्तनाने सुटते. एके दिवशी पात्र दुथडी भरून वाहते आणि आवर्तन संपले, की उघडे दगड. नदीतल्या किड्यांसाठी प्रदूषणाखालोखाल हाच मोठा घाव आहे.


मळ्याचा_डोह :

उपक्रम स्तुत्य आहे, परंतु मत्स्यबीज न सोडण्याचा नियम मला पटत नाही. महसीर हा आपल्या दख्खनचा मासा. ब्रिटिश अधिकारी आणि निसर्गअभ्यासक कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले ते पुण्याच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास होते आणि तेथून लाखो पिल्ले देशभर गेली. मासा आपला, तंत्र आपले, पिल्ले उपलब्ध. मग गोदावरीत ती सोडायला हरकत कसली? किडे मोजून मासे वाढत नाहीत. वाढदिवसाला झाड लावतात, त्याऐवजी चार पिल्ले नदीत सोडली, तर लोकही नदीशी जोडले जातील.


गोदातीर :

आपण वळवणचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण त्याच पिल्लांची पुढची गोष्ट आमच्या नियमामागे आहे.

कावेरीत कुबडी महसीर नावाचा एक प्रचंड वाढणारा मासा होता, जगभरचे गळकरी त्यासाठी येत. लोणावळ्यात पैदास झालेली आपली दख्खनी महसीर पुढे कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. कावेरीकाठच्या गालीबोरे येथील मासेमारी छावणीत कोणत्या दिवशी कोणता मासा, किती वजनाचा मिळाला याच्या वह्या ठेवल्या जात. १९९८ ते २०१२ या काळातील त्या वह्या अभ्यासकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बाहेरून आलेली महसीर झपाट्याने वाढली होती आणि कुबडी महसीर जवळजवळ दिसेनाशी झाली होती. तिला नेमके शास्त्रीय नाव मिळाले ते २०१८ मध्ये, आणि आज ती अतिसंकटग्रस्त मानली जाते. आपली दख्खनी महसीर मात्र आधी संकटग्रस्त यादीत होती, ती आता तितक्या धोक्यात नाही, असे मूल्यमापन झाले आहे. म्हणजे जिच्यासाठी आपण हळहळतो ती सावरली, आणि जिच्या घरात आपण तिला पाठवले ती मरायला टेकली.

गोदावरी हे तिचे स्वतःचे खोरे असल्याने येथे तसे होणार नाही, असे आपण म्हणाल. तरीही दोन अडचणी उरतात. हॅचरीतील पिल्ले मोजक्या जोड्यांपासून निपजतात, आणि स्थानिक वाण जेथे थोडेफार शिल्लक असेल तेथे ती मिसळल्यास त्याचे वेगळेपण पुसले जाते. दुसरे म्हणजे, जेथून मासा गेला तेथून तो का गेला हे कारण तसेच असेल, तर सोडलेली पिल्लेही त्याच कारणाने जातात. अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात मॅडिसन नदीवर जीवशास्त्रज्ञांनी मुद्दाम तपासले, तेव्हा हॅचरीची ट्राउट सोडणे थांबवलेल्या पट्ट्यात जंगली ट्राउट घटण्याऐवजी वाढली. त्यानंतर १९७४ पासून त्या राज्याने जंगली ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणे बंद केले, आणि आजही तेथील नद्या ट्राउटसाठी नावाजलेल्या आहेत. सुरुवातीला त्या निर्णयाला गळकऱ्यांचाच विरोध होता, हेही नोंदवून ठेवतो.

पिल्ले सोडतानाचा फोटो चांगला येतो, यात शंका नाही. जुन्या डोहात मोटार लावून पाणी उपसणाऱ्याशी बोलायला गेल्यावर तसा फोटो येत नाही.


दारणाकाठ :

मी इगतपुरी तालुक्यातला. आमच्या घरात मासेमारी पिढीजात आहे आणि वडील संस्थेचे सभासद होते. वरचे सर्व वाचून काही गोष्टी स्पष्टपणे लिहाव्यात असे वाटले. साहेब, राग मानू नये.

जलाशयात संस्था कटला, रोहू, मृगळचे बोटुकली बीज सोडते, त्यावर आमच्या घरांची चूल पेटते. ते सोडू नका, असे तुम्ही उद्या म्हणू लागलात, तर तुमची आमची गाठ पडणार नाही. दुसरे, शहरातून रविवारी गाड्या भरून येणारे हौशी लोक आम्ही नेहमी पाहतो. तीन तोंडांचे गळ, कणकेचे गोळे, काठावर बाटल्या आणि वर आम्हालाच विचारणार, की पास आहे का. तुमचे नियम चांगले आहेत, पण काठावरच्या माणसाला तुम्ही आणि ते सारखेच दिसता.

तिसरी गोष्ट चढणीच्या माशांची. पहिल्या दणक्याच्या पावसात ओढ्याने मासा वर चढतो आणि आमच्याकडची लहानथोर माणसे कंदील, टोपल्या, पाग घेऊन निघतात. वर्षातून ते काही दिवस असतात. त्याला चोरी म्हणणारे लेख मी वाचले आहेत. ओढ्याच्या तोंडावर कोणी रुंदभर जाळे लावून वाट अडवत असेल, तर तो गुन्हाच समजा. पण चार घरांच्या कालवणापुरत्या माशाने नदी रिकामी होत नाही. ती रिकामी होते उन्हाळ्यात, डोहात ब्लीचिंग पावडर टाकल्याने आणि जिलेटिनच्या कांड्या फोडल्याने. एका रात्रीत डोहातले आईबापही मरतात आणि पोरेही. तुम्हाला खरोखर काही करायचे असेल, तर मार्च ते जून आमच्याकडे या. ऑक्टोबरात सगळेच येतात.


गोदातीर :

दादा, राग कसला, या धाग्यावरचा सर्वांत कामाचा प्रतिसाद तुमचा आहे.

जलाशयातील बीजाबद्दल स्पष्ट करतो. तो संस्थेच्या व्यवसायाचा भाग आहे, त्यात आम्ही पडत नाही. आमचा नियम आमच्या गटापुरता आणि वाहत्या नदी-ओढ्यांपुरता आहे. कटला-रोहू या भागातील मूळचे मासे नाहीत, ही नोंद आम्ही वहीत करतो. त्यावरून कोणाच्या चुलीवर पाणी ओतण्याचा आमचा हक्क नाही.

विष आणि स्फोटके यांबाबत कायदा जुना आणि निःसंदिग्ध आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमातील कलम ४ स्फोटकांना आणि कलम ५ विषाला मनाई करते. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा अधिनियमही आहे. अडचण कायद्याची नसून तो डोहापर्यंत पोहोचण्याची आहे. आमच्यापैकी एकाने अशाच एका प्रकाराची तक्रार करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा एका कार्यालयाने दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याने तिसऱ्याकडे बोट दाखवले, आणि तोवर डोहावर पांढरी पोटे तरंगून वासही सुटला होता. त्यामुळे गावातल्याच कोणाच्या तरी हाती डोहाची राखण असावी, हे तुमचे म्हणणे मला पटते. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून महसीर राखली गेली आहे, तेथे कोणत्याही खात्याचा पहारेकरी बसलेला नाही.

मार्च ते जून आम्ही काय करू शकतो, ते तुम्हीच सुचवावे, ही विनंती.


एक_शाकाहारी_वाचक :

मला विषयातील काहीही कळत नाही, परंतु एक प्रश्न टाळता येत नाही. खाण्यासाठी मासा धरणे मी समजू शकते. धरून, दमवून, फोटो काढून सोडून देणे यात करुणा कोठे आली? २००३ मध्ये शास्त्रज्ञ लिन स्नेडन यांनी रेनबो ट्राउटवर केलेल्या प्रयोगांत ओठांना वेदनाकारक द्रव्य टोचल्यावर मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासताना आणि खाणे टाळताना दिसले होते. स्वित्झर्लंडमध्ये केवळ सोडून देण्याच्या हेतूने मासेमारी करण्यास कायद्याने मनाई आहे, जर्मनीतही प्राणिसंरक्षण कायद्यामुळे जवळपास तशीच स्थिती आहे. दारणाकाठ यांची टोपली मला तुमच्या बिनकाट्याच्या गळापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.


गोदातीर :

ताई, आपला आक्षेप मी खोडून काढू शकत नाही आणि तसा आव आणणार नाही. माशाला काहीच जाणवत नाही, हे गळकऱ्यांचे जुने समाधान आता टिकत नाही. आमच्या गटातही यावर एकमत नाही. दोन सदस्य फक्त दगड उलटायला येतात, रॉडला हात लावत नाहीत, आणि तेही पूर्ण सदस्यच आहेत.

जे गळ टाकतात त्यांच्याकडून निदान एवढी अपेक्षा ठेवली जाते, की इजा कशाने वाढते हे त्यांनी जाणावे. कॅनडात १९९२ मध्ये फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी दमवलेल्या रेनबो ट्राउटवर प्रयोग केला. नुसत्या दमवलेल्या माशांपैकी १२ टक्के दगावले, दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. फोटोसाठी मासा हातात धरून “जरा इकडे वळ” म्हणेपर्यंत मिनिट सहज जाते. म्हणून आमच्याकडे मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही, हात ओले करून पाण्यातच गळ सोडवायचा, असा नियम आहे. फोटो हवाच असेल, तर पाण्यातल्या माशाचा काढावा.

तरीही रॉड का सोडत नाही, याचे उत्तर थोडे स्वार्थी आहे. रॉड हाती असलेला माणूस थंडीत पहाटे नदीवर जातो आणि कोणत्या वळणावर फेस आला, कोठे किडा उडाला नाही, हे त्याच्या ध्यानात येते. कावेरीच्या त्या वह्या कोणा खात्याने लिहिल्या नव्हत्या, मासेमारी छावणीतच त्या भरल्या जात होत्या.


पीस_आणि_दोरा :

गंभीर चर्चेत थोडी बांधणीची भर घालतो, कारण गटातील फ्लाय बांधण्याची बैठक माझ्याकडे असते.

बाहेरचे साहित्य महाग पडते, म्हणून आम्ही जवळचे शोधत गेलो. मानेची पिसे गावठी कोंबड्याची, तीही मटणवाल्याकडून फुकट मिळतात. फुगीर अंगासाठी सशाच्या लोकरीऐवजी तागाचे तंतू पिंजून वापरून पाहिले, ते पाणी फार पितात, पण बुडणाऱ्या निम्फसाठी तेच हवे असते. दोऱ्याची सोय येवल्यात झाली. पैठणी विणणाऱ्या एका ओळखीच्या घरातून उरलेल्या रेशमाच्या गुंड्या आणि जरीचे तुकडे मिळतात. १४ नंबरच्या गळावर जरीचे तीन वेढे दिले, की निम्फच्या अंगाचे वलय असे काही उठते, की विकतची तार फिकी वाटावी.

पिसांबाबत नव्या सदस्यांना सावध करतो. मोराच्या पिसातील हिरवट तंतू ही फ्लायच्या अंगासाठी जगभर आवडती वस्तू आहे आणि आपोआप गळालेली पिसे देशांतर्गत वापरण्यास आपल्या कायद्यात मुभा आहे. परदेशी मित्राला पाकिटातून पाठवणे मात्र बेकायदा आहे. राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरची मेणाच्या थेंबासारखे ठिपके असलेली पिसे तर परदेशी बांधणाऱ्यांना वेड लावतात, त्यापायी आपल्याकडे तो पक्षी पूर्वी भरपूर मारला गेला. ते पीस आमच्या टेबलावर येणार नाही, कोणी आजोबांच्या पेटीतले म्हणून आणले तरी नाही.


जुना_पंचवटीकर :

आपण सर्व धरणाच्या वरच्या पाण्याबद्दल बोलत आहात. सोमेश्वरपासून तपोवनापर्यंतच्या गोदावरीचे काय? तेथे उलटायला दगड तरी उरले आहेत का? रामकुंड परिसरातील जुन्या कुंडांच्या तळाशी ओतलेल्या काँक्रीटवरून शहरात वर्षानुवर्षे वाद आणि न्यायालयीन लढाई चालली. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांची कामे निघाली आहेत, त्यात तुमच्या गटाचे म्हणणे काय?


गोदातीर :

काका, शहरातील पट्ट्यात आम्ही जाळी धरली आहे. आनंदवल्लीच्या वर काही ठिकाणी अजून चतुरांच्या अळ्या आणि शिंपले मिळाले. नासर्डीच्या संगमाच्या खाली ताटात लाल अळ्या आणि कृमींपलीकडे काही आले नाही. पाणवेलींनी पाणी झाकले गेलेल्या ठिकाणी जाळी टाकण्यातही अर्थ नव्हता.

सिंहस्थाच्या कामांबाबत आमचे म्हणणे मर्यादित आहे. भाविकांना उतरायला सुरक्षित पायऱ्या हव्यात, त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पात्राच्या तळातील खडक, गोटे आणि वाळू मात्र हलवू नयेत आणि तळावर काँक्रीट येऊ नये, एवढी लेखी सूचना, किड्यांच्या नोंदी जोडून, आम्ही देणार आहोत. गोट्यांच्या सांदीत किडा राहतो, किड्यावर तळचे लहान मासे आणि अळकुटासारखा वरचा मासा जगतो, त्यांवर वाम आणि मरळ. तळ गुळगुळीत झाला, की सांडपाणी पूर्ण थांबवले तरी तेथे काही परतत नाही.


मळ्याचा_डोह :

कावेरीचा दाखला मला ठाऊक नव्हता. वरच्या गोदावरीत महसीर आज खरोखर शिल्लक आहे का, हे कोणी पाहिल्याशिवाय पिल्ले सोडू नयेत, इथपर्यंत मी आपल्याशी सहमत आहे. शिल्लक नसल्याचे नीट सिद्ध झाले, तर हा विषय मी पुन्हा काढीन, तेव्हा नियमाकडे बोट दाखवू नये.


दारणाकाठ :

साहेब, तुम्ही विचारलेत म्हणून सुचवतो. आमच्याकडे ओढा तुटल्यावर माणसाला माहीत असलेले मोठे डोह मोजकेच उरतात. त्यांत खोल कोणता, कपारीचा कोणता, जनावरे कोठे पाणी पितात, कोणत्या डोहावर मोटारी आहेत, हे म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहे. ते एकदा कागदावर उतरवा. मोटार बंद करा, असे कोणी ऐकणार नाही, कारण त्याचे पीक उभे असते. पण कमरेएवढे पाणी राहिले, की फुटबॉल (मोटारीच्या पाइपच्या पाण्यातल्या तोंडाची झडप) वर उचलायचा, असे ग्रामसभेत ठरले, तर बरेच जण ऐकतील. आमच्या वस्तीच्या खालच्या डोहावर मी स्वतः बोलून पाहीन. सावलीला जांभूळ आणि करंज टिकतात. नर्सरीतली शोभेची झाडे आणू नका.


गोदातीर :

दादा, हे तंतोतंत करण्याजोगे आहे. वहीत डोहासाठी वेगळी पाने करतो : डोहाचे गावातले नाव, खोली, कपारी, मोटारी, पाण्याचे तापमान पहाटे आणि दुपारी तीनला, आणि दिसलेले मासे. तापमापक आमच्याकडे आहेत, दोन तुमच्याकडे ठेवतो. पाणी पात्रातून तुटण्याआधी, म्हणजे होळीच्या आगेमागे, पहिली फेरी मारू; रॉड कोणीही आणणार नाही. मळ्याचा_डोह, आपणही यावे, महसीर आहे की नाही हे पाहण्याची सुरुवात याच डोहांपासून करता येईल. मोटारीचा फुटबॉल कोणत्या पातळीला थांबवायचा, हे ठरवताना शेतकरी समोर असायला हवेत, म्हणून ग्रामसभेची तारीख कळली, की आधी ती येथे टाकावी.